गाडीत राहिलेली पिशवी

आमच्या गल्लीत माझी एक ख्याती आहे. कुणाच्या घरी सहल निघाली, मग ती अजिंठ्याची असो की मुलांच्या पाळण्या-घसरगुंड्यांच्या बागेची, आदल्या संध्याकाळी कुणी ना कुणी दारात येऊन उभी राहते. "वहिनी, पिशवीत काय काय टाकू हो?" मग मी हातातलं काम बाजूला ठेवते आणि यादी सांगत बसते. खोटं कशाला बोलू, सांगताना बरं वाटतं. दुसऱ्या कुठल्या विषयावर माझा सल्ला घ्यायला कुणी उंबरा ओलांडल्याचं मला तरी आठवत नाही.

परवा समोरच्या बिऱ्हाडातली नवी सूनबाई अशीच आली. मुलांना घेऊन छत्रपती संभाजीनगरकडच्या एका पाण्याच्या पार्कात जायचं ठरलं होतं. टॉवेल, कपड्यांचे जास्तीचे जोड, ओले कपडे ठेवायला वेगळी पिशवी, असं माझं सुरू झालं. तेवढ्यात ती म्हणाली, "सासूबाई पण येणार आहेत. त्यांची शुगरची गोळी मी घड्याळ लावून देते, त्याची काही काळजी नाही."

मी थांबलेच. म्हटलं, "बैस जरा. यादी राहू दे बाजूला, आधी एक गोष्ट ऐक." तिला सांगितली तीच आज तुम्हाला सांगते आहे.

२०११ सालची दिवाळीची सुट्टी. भाऊबीज आटोपलेली, वन्सं मुलांना घेऊन माहेरी आलेल्या, धाकटे भावजी आणि जाऊ पुण्याहून आलेले. घरात लहानमोठी मिळून अकरा माणसं आणि मुलांचा एकच घोषा, आनंदसागर! मुंबईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं. त्याची जाहिरात टीव्हीवर लागली की आमची पोरं पडद्याला नाक लावून बसायची. पण मुंबई आमच्यापासून लांब आणि खर्चही लांबचाच. आम्हा भोकरदनकडच्या, बुलडाण्याकडच्या माणसांना आनंदसागर परवडणारं आणि देवाधर्माच्या वाटेवरचं. शेगावच्या गजानन महाराज संस्थानानं उभं केलेलं हे उद्यान. मोठा तलाव, मधल्या बेटावर कन्याकुमारीच्या विवेकानंद स्मारकाच्या धर्तीवर बांधलेलं ध्यानकेंद्र, संतांचे पुतळे, झोपाळे, आणि मुलांचा जीव की प्राण असलेली झुकझुक गाडी. (पुढे ते काही वर्षं बंद होतं, मग त्यातला काही भाग पुन्हा खुला झाला. तेव्हा आम्ही पाहिलेलं सगळं आता तसंच्या तसं दिसेल असं धरून कुणी निघू नका, आधी चौकशी करा.) म्हणजे सासूबाईंना दर्शन आणि मुलांना गाडी. एका दगडात दोन पक्षी.

क्रूझर ठरली. पहाटे पाचला निघायचं. आणि मी पिशवी भरायला घेतली.

भांड्यांच्या दुकानातून दिवाळीला भेट मिळालेली निळी रेक्झिनची मोठी पिशवी होती, दोन्ही बाजूंना खिसे आणि मधे चेन. आदल्या दिवशी दुपारपासून माझा पदर खोचलेला. दशम्या केल्या, कणीक दुधात भिजवून, पाण्याचा थेंब लावला नाही; तशा केल्या की दोन दिवस मऊ राहतात. धपाटे वेगळे केले, पण ते दुपारच्या आत संपवायचे, कारण त्यात कांदा. शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, कोरडा लसणाचा ठेचा. ओल्या नारळाचं काही घ्यायचं नाही, उकडलेला बटाटा घ्यायचा नाही, गाडीच्या उन्हात दोन्हींना वास सुटतो. लोणचं मेणकागदात, मग प्लॅस्टिकमध्ये, मग डब्यात, तरीही त्याचं तेल कुणाच्या तरी शर्टाला लागतंच, हा अनुभव.

मग औषधं. तापाची, पोटाची, ओकारीची गोळी, कापूस, चिकटपट्टी. घाटात पोरांना मळमळतं म्हणून लिंबं आणि आवळासुपारी. जुनी वर्तमानपत्रं, ती बसायलाही होतात आणि पोरांनी घाण केली तर पुसायलाही. प्रत्येकाचा एक जोड कपडे. सुईदोरा, सेफ्टीपिना, कात्री, मेणबत्ती, काडेपेटी, पंचा, साबणाची वडी, मोठ्या मुलींसाठी लागणारं सामान जुन्या ओढणीत गुंडाळून एका कडेला. ग्लुकोजची पुडी पण होती. हे मुद्दाम सांगते. होती. आणि सासूबाईंच्या गोळ्यांची डबी, तिच्यावर माझ्या अक्षरात "सकाळ" आणि "रात्र" लिहिलेलं.

सासूबाई पलंगावर बसून हे बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, आम्ही अंगारकीला बैलगाडीनं राजूरच्या गणपतीला जायचो. एक पडशी. एका कप्प्यात भाकऱ्या, दुसऱ्यात तांब्या आणि लुगडं. लेकरं काय मेली नाहीत." मी हसून सोडून दिलं. मनात मात्र म्हटलं, आमच्या भोकरदनला जुन्या काळी भोगवर्धन म्हणत आणि ते नाव पार सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांत कोरलेलं आहे. इथली माणसं एवढ्या लांब गेली, तेव्हा त्यांची शिदोरी कुण्या बाईनंच बांधली असेल की! तिचं नाव काही कुणी दगडावर घातलं नाही.

परत आल्यावर सहज म्हणून ती पिशवी मी वाण्याच्या काट्यावर ठेवून पाहिली. निम्मी रिकामी झालेली असूनही सात किलो भरली. जाताना किती असेल तुम्हीच धरा.

पहाटे निघालो. धाड गेलं, सात वाजता बुलडाण्याला थांबलो. सगळ्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला. सासूबाईंनी नुसता बिनसाखरेचा चहा घेतला. "दर्शन झाल्याशिवाय अन्नाला शिवायची नाही," असं त्यांनी घरूनच सांगितलं होतं. ते मी ऐकलं होतं. पुढे बोथ्याचा घाट, दोन्ही बाजूंनी ज्ञानगंगेचं जंगल. २०१९ साली याच जंगलात एक तरुण वाघ टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत येऊन राहिला होता, तुम्ही पेपरात वाचलं असेल. एवढ्या प्रवासात सामान काय, तर गळ्यातला रेडिओचा पट्टा. आमच्या गाडीत मात्र त्या घाटात लिंबं, वर्तमानपत्रं आणि पंचा, तिन्हींचा उपयोग झाला आणि मला मनातून अभिमान वाटला.

खामगाव आलं तेव्हा साडेआठ वाजले होते. मी घड्याळ बघितलं, डबीतून "सकाळ" काढली, पाण्याची बाटली पुढे केली. "आई, गोळी." त्यांनी निमूट घेतली.

इथे थोडं थांबते, कारण सगळं इथेच आहे. त्या माणसानं काही खाल्लेलं नाही हे मला माहीत होतं. गोळीची वेळ झाली हेही माहीत होतं. पण या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी आल्याच नाहीत. गोळी माझ्या यादीत होती. उपाशीपोट माझ्या यादीत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीची गर्दी. रांगेत तीन तास गेले. दर्शन फार छान झालं, सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर पडलो तर महाप्रसादाची रांग लांबच लांब. सकाळपासून "गाडी कधी, गाडी कधी" म्हणणारी पोरं आता रडायच्या बेताला आलेली. हे म्हणाले, "अगं, आपल्याजवळ दशम्या आहेतच. आनंदसागरला झाडाखाली बसून खाऊ." सासूबाई "बरं" म्हणाल्या. त्यांना महाप्रसाद हवा होता हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं होतं. पण दिसलेलं सगळं आपण थोडंच मनावर घेतो!

उद्यानाच्या दाराशी गाडीनं सोडलं. पिशवी उचलायला गेले तर खांद्यातून कळ आली. भावजी म्हणाले, "वहिनी, राहू द्या की गाडीत. पोरांना एक चक्कर मारून आणू, मग आणतो मी." ड्रायव्हरभाऊही जेवायला जाणार होते. मी पर्स घेतली, पाण्याची एक बाटली घेतली, आणि पिशवी गाडीत राहिली. गाडी कुठे लावणार हे कुणी विचारलं नाही.

मुलं, भावजी आणि वन्सं झुकझुक गाडीच्या रांगेला पळाली. हे आणि जाऊबाई फोटो काढत मागे राहिले. मी आणि सासूबाई तलावाच्या बाजूनं हळूहळू चाललो होतो. पाच-सात मिनिटं झाली असतील, त्या एकदम माझ्यावर ओरडल्या. "पाणी कुठं ठेवलंस? तुला काही कळतं का?" बाटली त्यांच्याच हातात होती. मी म्हटलं, "आई, ही काय, तुमच्याजवळच आहे." तर हात झटकला. "राहू दे. तुम्हाला काय, तुमचं भागलं की झालं."

मला राग आला. महाप्रसाद सोडून यावं लागलं, त्याचा हा वचपा, असं मी धरून चालले. सोळा वर्षं संसार केलेला, या स्वराची मला सवय होती. मी बोलले नाही, दोन पावलं मागे राहिले आणि मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायला लागले. पहिल्या बाळंतपणातलं काढलं, माझ्या भावाच्या लग्नातलं काढलं, लोणच्याच्या बरणीचं काढलं. दहा मिनिटं तरी मी अशी भांडत होते. त्या माझ्यापुढे चालत होत्या, जरा तिरप्या, आणि मला त्यांची पाठ दिसत होती. पोलक्याची पाठ घामानं चिंब भिजलेली होती. दिवाळीचे दिवस, झाडांची सावली, अंगावर गार वारा. मी ती ओली पाठ बघत होते आणि भांडत होते.

मग त्या वाटेच्या कडेच्या दगडावर बसल्या. बसल्या म्हणजे खाली गेल्याच. हात थरथरत होते. मी पुढे धावले, तर माझ्याकडे बघून अगदी लहान आवाजात म्हणाल्या, "अक्का, घरी चल ना."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिला जाऊन तीस वर्षं झाली होती.

तोंडातलं पाणी पळणं काय असतं ते मला त्या क्षणी कळलं. शुगर उतरली, एवढंच डोक्यात आलं. साखर! ग्लुकोजची पुडी डाव्या खिशात, साबणाच्या खाली. खिसा पिशवीला आणि पिशवी गाडीत. ह्यांना हाक मारली, ते पळत आले, ऐकलं आणि तसेच गाडी शोधायला पळाले. जाऊबाई दुकान शोधायला. मी पर्स उलटी केली. कंगवा, रुमाल, किल्ल्या, तिकिटं, लवंगा.

बाजूच्या झाडाखाली एक बाई दोन पोरांना घेऊन भाकरी खात बसली होती. उठून आली. "काय झालं म्हातारीले?" मी म्हटलं, "शुगर आहे त्यांना, साखर पाहिजे, काही गोड आहे का हो?" ती म्हणाली, "गूय हाय माह्याजवळ." आणि मागे वळून तिच्या कापडी पिशवीतून फडक्यात बांधलेला गूळ काढला. दगडानं फोडला, मुठीनं चुरला, आमच्याच बाटलीच्या पाण्यात तिच्या पेल्यात कालवला. "घे माय, घोट घोट घे." सासूबाई शुद्धीत होत्या, गिळत होत्या, हे नशीब. एका सेवेकऱ्यानं कुठूनशी खुर्ची आणून दिली. पेला संपला. मी त्यांचा हात धरून बसले. घड्याळात बघत नव्हते, पण बराच वेळ गेल्यावर तो हात थरथरायचा थांबला. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोरं कुठायत?" आणि मला रडू फुटलं.

त्या बाईनं मग चतकोर भाकरी आणि चटणी त्यांच्या हातावर ठेवली. "आता खाय वाईच." सासूबाईंनी खाल्ली. दर्शन तर झालंच होतं.

आमची पिशवी आली तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता. भावजींनी ती खांद्यावरून वरातीतल्या नवरदेवासारखी आणली. मी सरळ डावा खिसा उघडला. साबणाच्या वडीखाली पुडी होती, जशीच्या तशी. मी त्या बाईच्या पिशवीत दशम्या आणि बेसनाचे लाडू भरले. ती नको नको म्हणत होती. अकोटाकडची होती, एवढंच विचारायचं सुचलं. तिच्या पिशवीत भाकरी, चटणी आणि गूळ, एवढ्या तीनच वस्तू होत्या.

गाडीत वन्संनी विचारलंच. "वहिनी, डबा जवळ ठेवायचा होता ना. आणि आईच्या पोटात काही नव्हतं तर गोळी कशी दिली?" गाडीत कुणी बोलेना. मग सासूबाईच म्हणाल्या, "तिनं गोळी वेळेवर दिली. खाल्लं नाही ते मी. तिला कशाला बोलतेस?" वन्सं गप्प झाल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मागच्या दहा मिनिटांच्या भांडणातलं एकेक वाक्य मला आठवत होतं. ते भांडण मी त्यांना कधी सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. आज प्रथम इथे लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. ते रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते रागावले नाहीत. शांतपणे समजावून सांगितलं, ते तुम्हालाही उपयोगी पडेल. शुगरच्या गोळ्या सगळ्या सारख्या नसतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो की नसो. जेवण चुकलं आणि वर चालणं झालं, की साखर खाली जाते. इन्सुलिन टोचणाऱ्यांचंही तेच. मेटफॉर्मिन एकटीच असेल तर हा धोका बराच कमी. आपल्या घरातली गोळी कोणत्या जातीची आहे आणि उपासाच्या किंवा प्रवासाच्या दिवशी तिचं काय करायचं, हे ज्यांनी ती लिहून दिली त्यांनाच विचारून ठेवायचं. आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही, आणि माझ्यासारखी डोळे झाकून द्यायचीही नाही.

साखर उतरल्याच्या खुणा त्यांनी सांगितल्या. घाम, थरथर, छातीत धडधड, भूक, डोळ्यांपुढे अंधारी. आणि चिडचिड, असंबद्ध बोलणं. "पुष्कळदा घरच्यांना वाटतं, म्हातारं माणूस उगीच चिडलंय," असं ते म्हणाले, आणि मी पदराशी चाळा करत बसले. अशा वेळी माणूस शुद्धीत असेल तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच, आणि सावरल्यावर काहीतरी खायला. चॉकलेट नको, त्यातल्या तुपट भागामुळे साखर सावकाश चढते. आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबसुद्धा घालायचा नाही, घशात अडकतो, सरळ दवाखाना. आता १०८ नंबर फिरवला की रुग्णवाहिका येते. महाराष्ट्रात ही सोय २०१४ साली सुरू झाली, आमच्या वेळी नव्हती.

त्या दिवसापासून माझी पिशवी बदलली. बदलली म्हणजे फुटलीच म्हणा ना. गाडीत राहणारं सामान वेगळं आणि माणसाच्या अंगावरचं वेगळं. कपडे, चादरी, जास्तीचा फराळ गाडीत. बाकी ज्याचं त्यानं न्यायचं. मुलाच्या पाठीवर त्याचं दप्तर रिकामं करून दिलं. त्यात त्याचं पाणी, त्याचा खाऊ, त्याचा टॉवेल. पहिल्यांदा कुरकुरला. ह्यांनीही कुरकुर केली, पण ह्यांच्या खांद्याला अडकवलेला डब्यांचा झोळा आता इतक्या वर्षांनी शोभूनही दिसतो. खायच्या वस्तूंचे दोन भाग, म्हणजे चुकामूक झाली तरी दोन्हीकडे भाकरी आहे. आणि यादीत वस्तूंच्या आधी माणसं लिहायची. कोण येणार, त्याला काय होतं, तो काय खाणार, कधी खाणार. मग वस्तू.

सासूबाईंसाठी मी एका जुन्या खणाची बटव्याएवढी पिशवी शिवली. वीतभर कापड, वरून दुमड घालून नाडी ओवलेली, कमरेला खोचता येईल अशी. तिच्यात खडीसाखरेची पुडी, दोन बिस्किटं, आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर त्यांचं नाव, आजार, गोळ्यांची नावं, आमचा फोन. त्या बघून रागावल्या. "मी काय बालवाडीतली पोर आहे, गळ्यात पाटी अडकवायला?" पण राजूरला निघाल्या तेव्हा कमरेला ती पिशवी होती. दुसऱ्या आठवड्यात सहज बघितलं तर खडीसाखर संपलेली. पुन्हा भरली. पुन्हा संपली. त्या पाच दिवसांत त्या कुठे गेल्याही नव्हत्या! विचारलं तर म्हणाल्या, "उतरल्यासारखी वाटली, म्हणून घेतली." दर दुपारी चहाच्या वेळी बरी उतरायची! शेवटी मी खडीसाखर काढून ग्लुकोजची पुडी ठेवली. तिची काही उतरल्यासारखी वाटेना. त्यानंतर एक पुडी वर्षभर पुरायला लागली.

२०१८ साली त्या गेल्या. खणाची पिशवी मी धुऊन कपाटात ठेवली.

आता मुलाचं लग्न झालंय, नातू तीन वर्षांचा आहे, आणि शुगरची गोळी मला चालू झाली आहे. गेल्या उन्हाळ्यात सूनबाई म्हणाली, "आई, आपण सगळे पाण्याच्या पार्कात जाऊ." तिची यादी मोबाईलमध्ये. मी डोकावले नाही, म्हणजे डोकावायचं नाही असं ठरवलं होतं. तिनं आधी फोन करून सगळं विचारून घेतलं, हे मला फार आवडलं. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात, हे मला कुठे माहीत होतं? सुती कपड्याचे धागे सुटतात आणि पाणी गाळायच्या यंत्रात अडकतात म्हणे. आपण घरून नेले नाहीत की तिथे भाड्यानं घ्यावे लागतात. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, हेही तिनं विचारलेलं. तरी मी रात्री हळूच दशम्या केल्याच.

दारावरच्या माणसानं पिशव्या उघडल्या. दशम्यांचा डबा बाजूला काढला. दहा जणांच्या रांगेत, सगळ्यांच्या देखत, आपल्या हातचं अन्न असं टेबलावर काढून ठेवलं की कसं होतं, ते बायकांनाच कळेल. मी बोलणार होते. तेवढ्यात सूनबाईनं डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत पुढे केली. "यांना शुगर आहे. हा एक लहान डबा आणि बाळाचा खाऊ आत जाईल. बाकी आम्ही गाडीत ठेवतो." आवाज चढवला नाही. त्यानं चिठ्ठी वाचली, आत विचारून आला आणि डबा सोडला. मला अशा वेळी फक्त भांडता तरी येतं, नाही तर गप्प तरी बसता येतं. हे तिसरं कुठे शिकली कोण जाणे.

आत गेल्यावर ती माझ्यापुढे उभी राहिली. मी पर्समधून गोळी काढली होती, नऊ वाजले होते. तिनं माझा हात धरला. "थांबा. आधी सांगा, सकाळपासून काय खाल्लंत?"

"चहा घेतला की."

"चहा नाही. खाल्लंत काय?"

मी बाकावर बसून मुकाट्यानं एक दशमी खाल्ली. मग गोळी घेतली. ती नातवाला ह्यांच्याकडे देऊन स्वतः कपडे बदलायला निघाली, जाताना वळली आणि आपल्या पिशवीतून काहीतरी काढून माझ्या हातात ठेवलं. खणाची तीच पिशवी. नाडी नवी ओवली होती. कपाटातून तिनं कधी काढली, मला पत्ता नाही.

ती लांब गेल्यावर मी हळूच नाडी सैल केली आणि आत डोकावले. ग्लुकोजच होतं.